लोहाराच्या पोराचं आख्यान

“बुवा, येवढं वाचून दावा,” भागोजी लोहार म्हणाला आणि घडी घातलेला एक कागद त्यानं ऐरणीवर ठेवला.

तेरा दिवस त्या ऐरणीवर घण पडला नव्हता. भट्टीत नुसती राख होती आणि भात्याच्या कातड्यावर धूळ बसली होती. मी नुकताच वाईहून बैलगाडीनं सोनवडला पोचलो होतो. अंगरखा अजून पिशवीत होता, घशाला कोरड पडली होती, आणि कीर्तनकाराला घशापुढं दुसरं काही सुचत नाही. मी आधी पाणी मागितलं. मग कागद उचलला.

त्या दिवशी भागोजीच्या शिदूचं तेरावं होतं. शिदू त्याचा एकुलता एक मुलगा, खडकीच्या सफरमैना पलटणीत होता. रस्ते मोकळे करायचे, पूल बांधायचे, सुरुंग काढायचे, हे त्या पलटणीचं काम. तो लढाईत पडल्याची तार आली आणि दुसऱ्याच दिवशी भागोजीनं मला निरोप धाडला की तेराव्याला कीर्तन तुमचंच पाहिजे. तारेमागून हे इंग्रजी पत्र आलं होतं. गावात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. शाळेचे मास्तर उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या गावी गेले होते. म्हणून ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

साल १९४१, वैशाख महिना. आज चाळीस वर्षं होऊन गेली, पण त्या कागदावरची एकेक ओळ मला पाठ आहे. का पाठ आहे ते पुढं कळेलच.

पत्र शिदूच्या साहेबानं टाइप केलं होतं. हबसाणाच्या, म्हणजे ॲबिसिनियाच्या, वरच्या अंगाला केरन नावाचं गाव आहे, तिथल्या घाटात शत्रूनं डोंगराचे कडे उडवून रस्त्यावर पाडले होते. ते धोंडे फोडून वाट मोकळी करताना शिदू इटालियन मशीनगनच्या गोळ्यांनी मेला. तो भिणारा नव्हता. साहेबानं पुढं लिहिलं होतं की काम करताना तो नेहमी आपल्या भाषेतलं एक गाणं म्हणायचा आणि बाकीचे शिपाई त्या तालावर घण मारायचे.

‘इटालियन’ हा शब्द मी दोनदा वाचला. मग कागद पुन्हा ऐरणीवर ठेवला.

“तुझा मुलगा शूर होता,” मी म्हणालो. “रस्ता मोकळा करत होता. कामावर गाणं म्हणायचा, असं साहेब लिहितो.”

आतल्या दाराशी शिदूची आई बसली होती, हौसाबाई. ती म्हणाली, “कंचं गानं?”

“ते नाही लिहिलेलं. देवाचंच असेल.”

“आन मारलं कुनी?” भागोजीनं विचारलं.

“दुश्मनानं.”

“दुश्मनाला नाव आसंल की, बुवा.”

मी कागदाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, मनगटं माझ्या पोटरीएवढी, आणि डोळ्यांत राग नाही, रडू नाही, काहीच नाही. मी म्हणालो, “जर्मन.”

“जर्मन. कुटं ल्ह्यलंय त्ये, बोट ठिवून दावा की. पोराला मारनाऱ्याचं नाव निदान बघून ठिवतो.”

मी एका कुठल्याशा शब्दावर बोट ठेवलं. तो वाकून बघत राहिला. किती वेळ बघत होता कोण जाणे, माझं बोट घामानं कागदाला चिकटलं. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, “बरं.” घडी घालून कागद त्यानं बंडीच्या खिशात ठेवला.

“आज आख्यान त्येच लावा, बुवा,” तो म्हणाला. “लोहाराच्या पोराचं. शिदूचं लई आवडीचं.”

आता हे आख्यान काय होतं ते सांगायला हवं.

मी राष्ट्रीय कीर्तनकार. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करायचं, आणि उत्तररंगात पुराणातली गोष्ट न सांगता देशासाठी झटलेल्या एखाद्या पुरुषाची सांगायची, ही आमची रीत. त्या काळी आमच्यात चढाओढ असे. प्रत्येकाला नवा पुरुष हवा होता. इथले सगळे आधीच्या बुवांनी वाटून घेतलेले. मग १९३३ साली मला मुसोलिनी सापडला. मासिकातल्या एका लेखात सापडला, तेवढीच माझी विद्या. लोहाराचा मुलगा, परदेशात उपाशी हिंडला, विटा वाहिल्या, पुलाखाली झोपला, आणि आज सगळा इटली देश त्याच्या एका हाकेवर उभा राहतो. खेड्यापाड्यांतल्या माणसांना सांगायला याहून गोड गोष्ट कुठली? साहेबाच्या राज्यात मान खाली घालून जगणारी ती माणसं. त्यांच्यासारख्याच एका घामट घरातला पोर राजांना दम देतो हे ऐकून ती वेडी व्हायची. मी एक साकी रचली होती:

ऐरण वाजे, भाता फुंके, ठिणगी उडे अंबरी।
लोहाराच्या पोरापायी थरथरली ती नगरी॥

ही साकी मी झांजेच्या ठेक्यावर घेतली की देवळाचे खांब हलत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता.

सोनवडच्या जत्रेत पहिल्यांदा हे आख्यान लावलं तेव्हा शिदू सोळा वर्षांचा असेल. कीर्तन संपल्यावर सगळे पाया पडून गेले, हा उभाच.

“बुवा, त्यो खरंच लोहाराचा?”

“खरंच.”

“म्हंजी पाटलाचा न्हाई, बामनाचा न्हाई?”

“ऐरणीपाशीच वाढला, बाबा, तुझ्यासारखा.”

तो हसला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हसला की सगळे दिसत. पुढच्या जत्रेला त्यानं मला स्वतः घडवलेला अडकित्ता आणून दिला. आणि दर वर्षी मी काहीही लावायचं ठरवून गेलो तरी “लोहाराचा पोर, लोहाराचा पोर” असा ओरडा तोच सुरू करी आणि गाव त्याच्या मागं धरी.

दर वर्षी तिकडचं काहीतरी कानावर येई आणि मला आख्यानात एक कडवं वाढवावं लागे. त्यानं बाकीचे पक्ष मोडल्याचं कळलं, मी कडवं वाढवलं: बडबड करणाऱ्यांची दुकानं बंद झाली. विरोधात लिहिणारे तुरुंगात गेले, मी सांगितलं: घर झाडायचं तर केर बाहेर टाकावाच लागतो. लोक हसायचे. मग त्यानं हबसाणावर स्वारी केली. त्या वर्षी सोनवडच्या मास्तरांनी भर कीर्तनात उभं राहून विचारलं, “बुवा, अनवाणी माणसांवर विमानातून विषारी वायू टाकला असं वर्तमानपत्रात आहे. त्याचं काय?”

मी पेटीवाल्याला हातानंच थांबवलं. म्हणालो, “मास्तर, भट्टी पेटली की धूर होतोच. ज्याला धूर सोसत नाही त्यानं शाळेत जाऊन पाटी पुसावी.” अख्खं देऊळ हसलं. सगळ्यांत मोठ्यानं शिदू हसला. मास्तर खाली बसले आणि पुन्हा कधी कीर्तनाला आले नाहीत.

१९३८ साली शिदू एकवीस वर्षांचा झाला आणि पलटणीत जातो म्हणाला. भागोजी नको म्हणत होता. त्याचा थोरला भाऊ मागच्या महायुद्धात बसऱ्याकडं गेला होता तो परत आला नव्हता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो होतो, तेव्हा भागोजीनं मला याच ऐरणीपाशी थांबवलं.

“बुवा, तुमचं ऐकतो त्यो. तुमी सांगा, जाऊ नगं म्हनून. हितं काय कमी हाय? विळे, कोयते, कुळवाच्या फासा. पोटापुरतं हाय.”

शिदू भाता ओढत होता. ओढता ओढता थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

तेव्हा मला दोन शब्द बोलायचे होते, ‘बस इथं’. तेवढ्यानं तो राहिला असता. पण माझ्या आख्यानाचा नायक काय विळे करत बसला होता? काल रात्रीची टाळ्यांची धुंदी अजून उतरली नव्हती. मी म्हणालो, “भागोजी, लोहाराच्या पोरांना जगानं आजवर दाराबाहेर उभं केलं. एक उठला तर त्यानं देश उचलला. तुझा पोर पूल बांधील. त्याला धरून ठेवू नकोस.”

भागोजी ऐरणीकडं वळला.  शिदूनं भाता असा जोरात ओढला की ठिणग्या छपरापर्यंत गेल्या.

पुढं मुसोलिनीनं आपल्यासारखाच दुसरा जोडीदार जर्मनीत गाठला, एकानं दुसऱ्याची पाठ थोपटली, आणि दोघं मिळून जग पेटवायला निघाले. १९४० च्या जूनमध्ये इटली लढाईत उतरली तसं मी आख्यान बंद केलं. मनाला पटलं म्हणून नव्हे. शत्रूची स्तुती केली म्हणून सरकार आत टाकील, या भीतीनं. शिदूची पलटण कुठं गेली असेल, कुणासमोर उभी असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. मी वर्तमानपत्र रोज वाचत होतो.

म्हणून त्या दिवशी मी भागोजीला म्हणालो, “ते आख्यान आता चालत नाही रे. पोलीस पाटील येतील.”

“नाव नका घेऊ,” भागोजी म्हणाला. “नुसतं लोहाराचा पोर म्हना. पोराच्या तेराव्याला येवढं करा.”

मी हो म्हणालो. माझी लबाडी त्यात बरोबर बसत होती. नाव नाही, देश नाही, कुणाला काही कळायचं कारण नाही.

दिवस कलल्यावर भट्टीसमोरच्या अंगणात कीर्तन उभं राहिलं. सगळं गाव बसलं होतं. घरातल्या कोनाड्यात समई, शिदूचा पलटणीतला एक फोटो, त्याला झेंडूची माळ. पूर्वरंग मी देह नाशिवंत आहे यावर केला. चांगला झाला. बायका डोळे पुसत होत्या. मध्यंतराला नामाचा गजर सुरू झाला आणि भागोजी बुक्का लावायला पुढं आला. त्याच्या खांद्यावरून मला मागं भिंतीला टेकून बसलेला एक तरुण दिसला. खाकी सदरा, उजवा हात गळ्यात बांधलेला.

“तो कोण?” मी हळूच विचारलं.

“केरबा. शेजारच्या वाडीतला,” भागोजी म्हणाला. त्यानं अंगठ्यानं माझ्या कपाळावर बुक्का लावला. “शिदूच्याच कंपनीतला. जखमी झाला म्हनून रजेवर आलाय.”

 हा पोरगा केरनला होता. त्याला सगळं ठाऊक. अजून उत्तररंग सुरू व्हायचा होता. मला हरिश्चंद्र येत होता, अभिमन्यू येत होता. अभिमन्यू तर त्या दिवसाला शोभलाही असता. मी नुसतं म्हणायचं होतं की आज मन होत नाही, दुसरं लावतो. नाहीतर तिथंच खाली बसून भागोजीला म्हणायचं होतं की मी सकाळी खोटं वाचलं.

पण पेटीवाल्यानं सूर धरला होता. माणसं सावरून बसली होती. गळ्यात हार पडला होता. आणि केरबा एवढ्या गावासमोर, एवढ्या मोठ्या बुवाला आडवा जायचा नाही, असा मी हिशेब केला. मी झांज उचलली.

सुरुवातीला आवाज दबलेला निघाला. मग विटा वाहण्याचा प्रसंग आला, पुलाखालची थंडी आली, आणि गाव माझ्याकडे झुकलं. एकदा गाव झुकलं की मी माझा राहत नसे. साकीवर आलो तेव्हा मी दोन्ही हात वर केले होते. ऐरण वाजे, भाता फुंके. लहानथोर सगळे टाळ्या धरत होते. मी तीनदा घेतली. तिसऱ्या वेळी केरबाकडे नजर गेली. तो डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, चला, यालाही जिंकला.

आरती झाली. लोक पाया पडून पांगले. मी अंगरखा उतरवला, घाम पुसला, शिदूच्याच अडकित्त्यानं सुपारी कातरली. आम्ही त्या घरी शिजवलेलं खात नसू, तेव्हाची ती रीत. म्हणून हौसाबाईनं सुपात शिधा काढला होता, तांदूळ, डाळ, पीठ, गूळ. भागोजी ऐरणीवर बसला होता. केरबा दाराशी उभा होता.

“आज लई रंगलं, बुवा,” भागोजी म्हणाला.

“शिदूची पुण्याई,” मी म्हणालो.

“व्हय.” तो म्हणाला. “केरबा चार दिसांमागंच आला. सगळं सांगितलं त्यानं. धोंडे कुनी पाडलं, गोळी कुनी घातली. कागद बी त्यालाच दावला. त्याला समदा वाचाय येत न्हाई, पर पलटणीत अक्षरं शिकलाय. त्यानं मला कोळशानं भितीवर काढून दावलं, इटली कसं ल्ह्यत्यात त्ये. पयला उभा गज. मग आडवी काडी मारलेला खिळा.”

मी भिंतीकडे पाहिलं. भट्टीच्या वर, काजळीत, दिसेल न दिसेल अशी अक्षरं होती. सकाळपासून मी त्यांच्यासमोर बसलो होतो.

“तुमी दुसरीकडंच बोट ठिवलं,” भागोजी म्हणाला.

मी म्हणालो, “भागोजी, तुला दुःख होईल म्हणून...”

“तवा बी म्हटलं, आसंल. मानूस हाय, भ्यालं आसंल. म्हनून आख्यान त्येच सांगितलं. म्हटलं, मधी कुटंतरी थांबतील. तितं पोराचा फोटू हाय, समोर आई बसलीया, थांबतील.” त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “तुमी थांबला न्हाई, बुवा.”

सुपारी माझ्या तोंडात तशीच होती. केरबा दारातून म्हणाला, “साहेबानं ल्ह्यलंय ना, गानं म्हनायचा म्हनून? त्ये गानं ह्येच. ऐरण वाजे. आमाला सगळ्यांना पाठ केलंतं त्यानं. वरनं इटलीवाले गोळ्या घालत व्हते आन खाली आमी ह्येच म्हनत धोंडे फोडत व्हतो. त्याला कुनाचं हाय त्ये ठावं व्हतं. मी म्हटलं बी, शिद्या, ज्याचं गातोस त्योच की रं वर बसलाय. तर हसला. म्हनला, बुवांचं हाय, आपल्या गावचं हाय.”

 मला वाटलं होतं भागोजी हात उगारील. उगारला असता तर बरं झालं असतं, मला आयुष्यभर तेवढा आधार झाला असता. तो उठला आणि भट्टीतली जुनी राख उपसायला लागला.

हौसाबाईनं सूप माझ्यापुढं ठेवलं. मग भागोजीच्या खिशातून तिनं तो कागद काढला, तांदळावर ठेवला. ‘इटालियन’ या शब्दाखाली बुक्क्यानं काळ्या झालेल्या अंगठ्याचा ठसा होता.

“ह्यो बी न्या,” ती म्हणाली. “आमच्यात वाचनारं कोन न्हाई. तुमी वाचत जावा.”

मी शिधा घेतला, कागद घेतला आणि गाडीत बसलो. अडकित्ता तिथंच राहिला. विसरला की ठेवला ते माझं मला आजही सांगता येत नाही.

मी कागद वाचत राहिलो. लढाई संपली, त्या मुसोलिनीला त्याच्याच लोकांनी मारून उलटं टांगलं, आणि १९४६ साली मी नवं आख्यान बसवलं. त्यात सोनवड होतं, ऐरण होती, शिदू होता, तेराव्याचं कीर्तन होतं. शेवटी मी झोळीतून ते पत्र काढायचो, अंगठ्याचा ठसा लोकांना दाखवायचो आणि खऱ्या शब्दावर बोट ठेवून वाचायचो. हुकूमशहा कसे वाढतात, कोण त्यांना वाढवतं, हे त्याहून चांगलं कुणी सांगितलं नसेल. कोल्हापूर, सांगली, पार सोलापूरपर्यंत बोलावणी आली. सोनवडचं मात्र कधी आलं नाही.

त्या आख्यानात एक खोटं बोलणारा बुवा लागतो. तो मी पुण्याकडचा कुणी दुसराच ठेवला होता. ऐकताना बायका त्याला शिव्या देत, म्हातारी माणसं दात-ओठ खात. आणि आरती झाली की सगळी रांगेनं येऊन माझ्या पाया पडत.